माणसं लष्कराच्या भाकऱ्या का भाजतात, आणि भाजत का राहतात

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. जेसीबी चढवायला वाट नव्हती, आणि पाऊस असा की हेलिकॉप्टरही उडेना. जो वर गेला तो पायी, चिखल तुडवत गेला. पहिल्या काही तासांत वर पोचलेल्यांमध्ये सरकारी यंत्रणेची माणसं होती, तशी आसपासच्या गिर्यारोहण गटांची पोरंही होती. पाच वर्षं आधी, 28 जुलै 2018 ला, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत गेली आणि 30 जण दगावले. तेव्हाही दोर लावून खाली उतरणाऱ्यांत महाबळेश्वर-पोलादपूरकडचे ट्रेकर्स पुढे होते. यातलं कुणी कारखान्यात शिफ्ट करतं, कुणाचं दुकान असतं, कुणी शाळेत शिकवतं. या कामाचा पगार नाही, भत्ता नाही. पेट्रोलसुद्धा बऱ्याचदा स्वतःचंच.

ही माणसं का जातात, असं विचारलं की ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, ‘त्यांच्यावर संस्कार चांगले आहेत’. दुसरं, जरा तिरकं, ‘त्यांना दुसरा उद्योग नाही’. दोन्ही उत्तरांनी काहीच कळत नाही. संस्कार चांगले असलेली पुष्कळ माणसं त्या रात्री घरी टीव्हीसमोर होती, मीही होतो. आणि उद्योग नसलेली माणसं सहसा दरीत उतरत नाहीत.

मानसशास्त्र आणि अर्थशास्त्रातल्या लोकांनी गेली चाळीस-पन्नास वर्षं या प्रश्नाचा बराच पिच्छा पुरवलाय. त्यातून माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाची गोष्ट अशी निघते: माणूस स्वयंसेवक होतो ते एका कारणानं आणि टिकतो ते बहुतेकदा दुसऱ्याच. संस्था चालवणारे पहिल्या कारणावर सगळी ताकद लावतात, भावनिक आवाहनं करतात, पोस्टर काढतात, आणि दुसऱ्याकडे बघतच नाहीत. मग दरवर्षी नवी माणसं गोळा करत बसावं लागतं.

आधी येण्याबद्दल. ई. गिल क्लेरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली अमेरिकेत स्वयंसेवकांच्या प्रेरणांची सहा प्रकारांत मांडणी केली, आणि अजून या विषयावर बोलताना तीच आधाराला घेतात. पहिला प्रकार मूल्यांचा: दुसऱ्याला मदत व्हावी असं मनापासून वाटणं. बाकीचे पाच मात्र उघडउघड स्वतःसाठीचे आहेत. काही नवं शिकायला, समजून घ्यायला मिळतं. मित्र तिथे असतात, घरातल्या माणसांना ते आवडतं. नोकरीला उपयोग होतो, बायोडेटात एक ओळ वाढते. आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. आणि सहावा प्रकार जरा हळवा आहे: स्वतःच्या काळज्यांपासून, अपराधीपणापासून किंवा एकटेपणापासून सुटका. रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत कुठल्यातरी ट्रस्टच्या ऑफिसात जाऊन बसू लागलेले काका आठवा. त्यांना समाजसेवेचा झटका आलेला नसतो. घरी दुपार सरत नसते.

एकाच माणसात हे सगळे प्रकार कमी-जास्त प्रमाणात असतात. गणपती मंडळात पहिल्यांदा वर्गणीला फिरणारा सोळा वर्षांचा पोरगा भक्तीनं येतो, मोठ्या पोरांत मिसळायला मिळतं म्हणून येतो, आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायची तेवढीच सोय असते म्हणूनही येतो. त्यातलं खरं कारण कुठलं, हे त्याला विचारलं तर त्यालाही सांगता येणार नाही.

आपल्याकडे मात्र ‘निःस्वार्थ’ या विशेषणाचा फार दबदबा आहे. स्वयंसेवकाला काही मिळतंय असं दिसलं की लोकांच्या भुवया उंचावतात. पण अॅलन ओमोटो आणि मार्क स्नायडर यांनी एड्सच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा अडीच वर्षं मागोवा घेतला, तेव्हा उलटंच दिसलं. 1995 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. शिकायला मिळावं, स्वतःत काही बदल व्हावा, स्वतःबद्दल बरं वाटावं, अशा कारणांनी आलेले जास्त काळ टिकले होते. नंतरच्या काही अभ्यासांत हे इतकं स्पष्ट दिसलं नाही, त्यामुळे हा काही अटळ नियम म्हणायचा नाही. पण त्यामागचा तर्क पटण्यासारखा आहे. केवळ दुसऱ्याचं दुःख बघवत नाही म्हणून आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात कळतं की दुःख संपत नाहीये. शिकायला आलेल्याला मात्र दर आठवड्याला काहीतरी मिळत राहतं. तेव्हा कुणी ‘मला लोकांत मिसळायचंय म्हणून आलो’ असं म्हणालं तर त्याला परत पाठवू नये. तो पाच वर्षं राहण्याची शक्यता आहे.

मग काहीतरी मिळणं इतकं उपयोगी असेल, तर पैसेच का देऊ नयेत? किंवा निदान एखादी भेटवस्तू?

इथे गंमत आहे. उरी नीझी आणि आल्दो रुस्टिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमध्ये 180 शाळकरी मुलांना घरोघर देणगी गोळा करायला पाठवलं. म्हणजे आपली वर्गणीच. मुलांचे तीन गट होते. पहिल्याला फक्त कामाचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्याला जमवलेल्या रकमेच्या 1 टक्का मोबदला कबूल केला, तिसऱ्याला 10 टक्के. आणि हा मोबदला देणगीतून कापायचा नव्हता, वेगळा मिळणार होता. सगळ्यात जास्त पैसे जमवले फुकट फिरणाऱ्यांनी. 10 टक्केवाले त्यांच्या थोडे मागे राहिले. 1 टक्केवाले सगळ्यात मागे. हे 2000 साली प्रसिद्ध झालं.

याचा अर्थ पैशानं माणसं बिघडतात, इतका सोपा नाही. पैसे आले की कामाचा हिशोब बदलतो. फुकट फिरणारा मुलगा दार बंद झालं तरी पुढच्या दाराशी जातो, कारण तो चांगल्या कामाला निघालाय. 1 टक्कावाला मुलगा दार बंद झालं की मनात म्हणतो, एवढ्याशा पैशांसाठी कोण जिने चढतंय. त्याचं सत्कार्य गेलं आणि मजुरीही नीट मिळाली नाही. द्यायचे तर पोटभर द्या, नाहीतर देऊच नका, असा या प्रयोगाचा रोख आहे. मानधनाच्या नावाखाली चार पैसे टेकवून वर ‘सेवाभावा’ची अपेक्षा करणाऱ्या योजनांमधली माणसं चिडलेली का असतात, हे इथे थोडं उलगडतं. त्यांना ना धड नोकरी मिळते, ना धड कौतुक.

रक्तदानात हाच वाद जुना आहे आणि जास्त गुंतागुंतीचा. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी 1970 साली मांडलं की रक्ताचे पैसे दिले की रक्ताचा दर्जा घसरतो, कारण पैशांची गरज असलेला माणूस आपला आजार लपवतो, आणि हौसेनं देणाऱ्यालाही देण्यात काही विशेष वाटेनासं होतं. भारतात तर पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर बऱ्याच रक्तपेढ्या चालायच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून ते बंद झालं. तेव्हापासून रक्तदान शिबिरं हाच मुख्य आधार.

पण शिबिरात बादली मिळते, टिफिन मिळतो, हेल्मेट मिळतं. 2020 च्या डिसेंबरात, कोविडमुळे रक्ताचा तुटवडा असताना, मुंबईत एका शिबिरात एक किलो चिकन, आणि शाकाहाऱ्यांना पनीर, देऊ केलं होतं. हसू येतं, पण अशा भेटींनी दाते येतात हे खरंच आहे. अमेरिकेत ओहायोकडच्या रेड क्रॉसच्या हजारो शिबिरांची आकडेवारी अर्थशास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा भेटवस्तू जितकी महाग तितके दाते जास्त, असं दिसलं. सोबत आणखी एक गोष्ट दिसली: वाढलेल्या दात्यांतले बरेच जण शेजारच्या शिबिरातून वळलेले होते. एका मंडळाची गर्दी वाढली ती दुसऱ्याच्या खुर्च्या रिकाम्या करून.

आणि रक्ताच्या बाबतीत एका दिवसाच्या गर्दीचा फायदा मर्यादितच असतो. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस. नेत्याच्या वाढदिवशी एका मैदानात हजार पिशव्या जमल्या, तरी एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद होतात, लोक गावी जातात, आणि रक्तपेढ्या पुन्हा फोन फिरवत बसतात. रक्तपेढीला खरी गरज असते ती दर तीन महिन्यांनी स्वतःहून येणाऱ्या माणसाची. (पुरुषांना तीन महिन्यांचं अंतर, स्त्रियांना चार.) तो माणूस बादलीनं तयार होत नाही.

मग कशानं होतो? शिबिरातलं एक टेबल जवळून बघा. नाव नोंदवून पुढे गेलं की एक ताई किंवा दादा बोटाला सुई टोचतात आणि रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंब झटकन तळाशी गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे, माणूस चालतो. थेंब रेंगाळला किंवा वर तरंगला तर नाही. तरंगलेल्या थेंबांमध्ये बायकांचे थेंब जास्त असतात, याचं एक कारण आपल्या स्वयंपाकघरांत कोण शेवटी जेवतं त्यातही आहे, पण तो वेगळा विषय. मुद्दा पुढच्या दहा सेकंदांचा आहे. ‘तुम्ही नाही देऊ शकत, नेक्स्ट’ असं ऐकून पहिल्यांदाच धीर करून आलेली मुलगी उठते, मैत्रिणींसमोर ओशाळी होऊन बाजूला उभी राहते, आणि पुन्हा कधी येत नाही. पहिल्याच वेळी परत पाठवलेले दाते, कारण अगदी तात्पुरतं असलं तरी, परत येण्याचं प्रमाण बरंच कमी असतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. त्याच टेबलावर कुणी म्हणालं की ‘अगं, हिमोग्लोबिन जरा कमी आहे, दोन-तीन महिने डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घे आणि पुढच्या शिबिराला ये, तोवर जरा इथे नोंदणीला बसतेस का?’, तर ती मुलगी शिबिराची होऊन जाते.

जेन पिलियाविन आणि पीटर कॅलेरो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी रक्तदात्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना आढळलं की पहिल्या वेळी माणूस मित्राच्या आग्रहानं, ऑफिसच्या दडपणानं, काहीही कारणानं येतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत मात्र कारणं गळून पडतात आणि एक ओळख तयार होते: ‘मी रक्त देणारा माणूस आहे’. एकदा ही ओळख बसली की येण्याला कारण लागत नाही, न येण्याला लागतं. गिर्यारोहण गट असो, सर्पमित्र असो की वाचनालयाचा सेक्रेटरी, सगळीकडे हेच होतं. म्हणून संस्थेनं सगळा जीव पहिल्या भेटीवर लावण्यापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीवर लावायला हवा. माझ्या पाहण्यात तरी उलटं असतं. पहिल्या दिवशी टी-शर्ट, फोटो, प्रमाणपत्र, आणि पुढच्या आठवड्यात साधा फोनही नाही.

सक्तीबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर असं तिचं स्वरूप. गुणांच्या सवलतीसाठी नाव घालणारी मुलं तिथे भरपूर, आणि त्याच शिबिरात आयुष्याची दिशा सापडलेलीही पुष्कळ. फरक कशानं पडतो? स्टुकस, स्नायडर आणि क्लेरी यांच्या 1999 च्या अभ्यासात दिसलं की आपल्याला ढकललं जातंय असं ज्या विद्यार्थ्यांना वाटत होतं, त्यांची पुढे स्वेच्छेनं काम करायची इच्छा सक्तीनं कमी झाली. काम कोणतं करायचं हे निवडता आलं तर तोटा कमी होतो. प्रोग्राम ऑफिसर सर ‘हा रस्ता झाडा’ म्हणतात की ‘गावात फिरून या आणि काय करता येईल ते सांगा’ म्हणतात, यावर बरंच अवलंबून आहे.

आता टिकण्याकडे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की माणूस कोणत्याही कामात मनानं रमतो तेव्हा तीन गोष्टी मिळत असतात: निर्णयात आपला हात असणं, आपल्याला हे जमतंय असं वाटणं, आणि सोबतची माणसं आपली असणं. सह्याद्रीतल्या रेस्क्यू गटांकडे पाहिलं तर या तिन्ही गोष्टी न ठरवता जुळून आलेल्या दिसतात.

दरीतून जखमी माणूस वर आणायचा म्हणजे सिनेमातल्यासारखा एक हिरो दोरीनं उतरत नाही. स्ट्रेचर सपाटीवरसुद्धा सहा-आठ जणांना धरावं लागतं, आणि चढावर थोड्या थोड्या वेळानं खांदे बदलावे लागतात, म्हणजे दुसरी फळी तयार हवी. वर कातळात अँकर, म्हणजे दोर अडकवायचा आधार, मारणारा वेगळा, दोर हळूहळू सोडणारा वेगळा, जखमीशी सतत बोलत राहणारा वेगळा. पायथ्याला कुणीतरी पोलिसांशी आणि अँब्युलन्सशी बोलतंय. कुणी गावातून भाकरी-पिठलं आणि टॉर्चचे सेल घेऊन वर निघालंय. नवा आलेला पोरगा पहिल्या वेळी फक्त पाण्याच्या बाटल्या वाहतो, पण त्या बाटल्या खरोखर लागतात. पुढच्या पावसाळ्यात त्याला गाठी येतात, त्यानंतर रॅपलिंगचा, म्हणजे कड्यावरून खाली उतरायचा, दोर त्याच्या हातात देतात. दर खेपेला आपण एक पायरी वर चढलो हे त्याचं त्याला कळतं. चूक झाली तर जीव जाईल अशा ठिकाणी आपला दोर दुसऱ्यानं विश्वासानं धरलाय, याहून घट्ट मैत्री ऑफिसात होत नाही. आणि कुणी जायचं, कुणी थांबायचं, हे ते आपसात ठरवतात. व्हॉट्सअॅपवर मेसेज पडतो, ज्याला जमेल तो ‘निघालो’ म्हणतो. ज्याला जमत नाही त्याला जाब विचारत नाहीत.

चौथी गोष्ट मी त्यात घालीन: कामाचा परिणाम दिसणं. अॅडम ग्रँट यांनी 2007 साली एका अमेरिकी विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांवर प्रयोग केला. ते पगारी होते, पण मुद्दा तोच. त्यांच्यातल्या काहींची, त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेट घडवली. महिन्याभरानं ते फोनवर पूर्वीच्या दुपटीहून जास्त वेळ घालवत होते. स्वीडनमध्ये रक्तदात्याला त्याचं रक्त एखाद्या रुग्णाला दिलं गेलं की मोबाइलवर मेसेज येतो. याला खर्च जवळपास नाही. आपल्याकडे मात्र दात्याला मेसेज येतो तो नगरसेवकाच्या शुभेच्छांचा.

परिणाम लगेच दिसण्याचा सगळ्यात जुना नमुना आषाढी वारीत आहे. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की कुणी वारकऱ्यांच्या तुटक्या चपला शिवून देतं, कुणी दाढी करून देतं, कुणी पाय चेपतं. यांची कुठे नोंदणी नसते, तरी तीच माणसं दरवर्षी त्याच कोपऱ्यावर बसलेली दिसतात. तारीख ठरलेली, काम आपल्या हातच्या कसबाचं, ज्याचं काम केलं तो समोर बसलेला, आणि मुक्काम हलला की काम संपलं. पुण्य मिळतं ही श्रद्धा आहेच, पण ती नसती तरी ही रचना माणसाला पुन्हा आणण्याइतकी पक्की आहे. काम कुठे संपतं हे माहीत असलं की हो म्हणणं सोपं जातं. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेतही, 2016 ते 2019 या काळात, गावांनी उन्हाळ्यात चर खोदले ते दीड-एक महिन्याच्या मुदतीत. 1 मेच्या महाश्रमदानाला शहरातून गेलेल्यांचे फोटो जास्त फिरले, पण रोज पहाटे कुदळ घेऊन जाणारे गावचेच होते. पाणी त्यांच्याच विहिरीत उतरणार होतं, आणि कोण आलं नाही हे सगळ्या गावाला दिसत होतं.

माणसं सोडून का जातात, हे शोधायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. कोणत्याही संस्थेतल्या जुन्या कार्यकर्त्याला चहाला घेऊन बसा. पहिली तक्रार कामाच्या ओझ्याची क्वचितच असते. बोलावलं आणि काम दिलं नाही, ही असते. नाहीतर वर्षानुवर्षं सतरंज्याच उचलायला लावल्या, आणि माइक हातात घेणारे तेच तिघं राहिले. हिशोब कुणी दाखवला नाही. शंका विचारली तर ‘तुमची निष्ठा कमी पडते’ असं ऐकवलं. या शेवटच्या कारणानं गेलेला माणूस परत येत नाही, आणि जाताना आणखी चौघांना घेऊन जातो.

दुसरं कारण घर. कार्यकर्ता रात्री अकराला निघतो तेव्हा मुलांचा अभ्यास, आईचं औषध आणि सकाळचा डबा कुणीतरी दुसरं सांभाळतं, बहुतेक वेळा बायको. तिच्या श्रमांची नोंद कुठल्याच अहवालात नसते. बायका स्वतः कार्यकर्त्या होतात तेव्हा त्यांच्या मागे असं कुणी उभं राहत नाही, म्हणून त्यांच्या बैठका दुपारी दोन ते चारमध्ये बसवाव्या लागतात. हे ओळखून वेळा ठेवणाऱ्या संस्थेत बायका टिकतात. संध्याकाळी सातला बैठक ठेवून ‘महिला पुढे येत नाहीत’ म्हणणाऱ्या संस्थांना काय सांगावं?

तिसरं कारण वय आणि थकवा, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. दरीतून मृतदेह काढणारी माणसं झोपेत दचकतात, काही महिने फोन उचलत नाहीत. अशा वेळी ‘तू मागे हटलास’ म्हणणारा गट त्यांना गमावतो. रेस्क्यू गटांतले जाणते लोक निराळं करतात. पन्नाशीनंतर गुडघे बोलू लागले की त्या माणसाकडे हेल्पलाइनचा फोन येतो. कॉल आला की हरवलेल्याच्या मोबाइलची बॅटरी किती उरलीय ते विचारायचं, कोणत्या सोंडेवर आहे ते त्याच्या वर्णनावरून ओळखायचं, आणि जवळ कुणाचा गट आहे ते बघून त्यांना उठवायचं. चाळीस पावसाळे डोंगर बघितलेल्या माणसाला ते जितकं जमतं तितकं पंचविशीतल्या पोराला जमत नाही.